चौथ्या फोटोमागची ओळ

१

थोरलीचं काम ऐकून लोक आधी हसत आणि मग विचारत, म्हणजे नक्की करता काय? ती सांगायची, खोल्या बघते आणि लिहिते. यापुढे समजावत बसायला तिला वेळ नव्हता. ज्याला कळायचं त्याला कळेल, नाही त्यानं आपल्या वाटेनं जावं.

भाड्याच्या खोल्या मिळवून देणारं ते ऑफिस होतं. खोल्यांचे फोटो वेबसाइटवर चढवायचे आणि प्रत्येक फोटोमागे एक ओळ लिहायची. ही मागची ओळ डोळस माणसाला दिसत नाही. त्याला फोटो दिसतो, त्याचं काम भागतं. ज्याला फोटो दिसत नाही त्याचा फोन ही ओळ मोठ्यानं वाचून दाखवतो. आणि आणखी एक जण ती वाचतो, तो म्हणजे सर्चचं यंत्र.

ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला सगळे तारवाला म्हणत. पन्नाशीचा गडी, खिशात कायम वायरचे तुकडे. त्यानं त्या यंत्राला गस्तवाला नाव ठेवलं होतं. गस्तवाला येतो, एकेका फोटोपाशी थांबतो, मागची ओळ वाचतो, टिपून घेतो आणि पुढे जातो. मग जगात कुणी काही शोधलं की टिपलेलं काढून दाखवतो. फोटोत खरंच काय आहे ते त्याला फारसं कळत नाही. ओळीत लिहिलंय तेच त्याच्या लेखी खरं.

"म्हणजे आंधळाच की," थोरली म्हणाली होती.

"आंधळा आणि भाबडा," तारवाला म्हणाला.

शोभेच्या चित्रांचा नियम वेगळा. पानाच्या कडेची वेलबुट्टी, उगाच टाकलेली फुलदाणी, असल्या चित्रामागची ओळ रिकामी सोडायची. ओळ रिकामी दिसली की फोन गप्प राहतो आणि गस्तवाला न थांबता पुढे जातो. नवीन असताना थोरलीनं विचारलं होतं, मग ते चित्र जातं कुठे? तारवाला म्हणाला, जात कुठेच नाही, असतं तिथंच. फक्त त्याच्याबद्दल कुणी कुणाला काही सांगत नाही. हे उत्तर तिला तेव्हाच आवडलं नव्हतं.

चौथी शिकलेल्या बाईला हे काम मिळालं कसं, तेही सांगायला हवं. परीक्षेला बसलेल्या शिकल्यासवरल्या पोरींनी 'प्रसन्न', 'सुरेख', 'प्रकाशमय' असं काय काय लिहिलं. थोरलीनं लिहिलं, 'डावीकडे पलंग, त्याचा एक पाय विटेवर. समोर खिडकी, एक काच फुटकी. उजवीकडे कपाट, दार लागत नाही.' मालकीणबाई वाचून हसल्या आणि म्हणाल्या, वीट तेवढी गाळा आणि उद्यापासून या.

थोरलीला ही कला कुणी शिकवली नव्हती. तिची धाकटी बहीण नवव्या वर्षी तापानं पडली आणि उठली ती डोळे घालवून. तेव्हापासून दोघी कुठल्याही खोलीत शिरल्या की धाकटी दारात थांबून एकच शब्द म्हणायची, "सांग." मग थोरलीनं डावीकडून सुरू करायचं आणि उजवीकडे संपवायचं. काही गाळायचं नाही, मनचं काही घालायचं नाही. लहानपणी एकदाच तिनं कंटाळा करून एक स्टूल गाळलं होतं, तर धाकटीचा पुढचा दात गेला. तो खोटा दात थोरली गेली चाळीस वर्षं रोज बघत होती.

२

धाकटी एका दवाखान्यात फोन घ्यायची. आवाज असा गोड की रोगी नसलेले लोकही दोनदा फोन करत. एका संध्याकाळी पावाला लोणी लावता लावता ती म्हणाली, "ताई, मला वेगळं राहायचंय."

थोरलीनं आधी थट्टेवारी नेलं, मग आवाज चढवला, मग भांडी आपटली. धाकटी शांतपणे लोणी लावत राहिली. तिचं म्हणणं एवढंच होतं, "तू सगळं सांगतेस ताई. मला एकदा स्वतः धडकून बघायचंय."

खोलीसुद्धा तिनं बघून ठेवली होती. बघून म्हणजे ऐकून. फोनवर 'शांत खोली, मोठी खिडकी, एकटीसाठी' असं शोधलं आणि पहिल्यांदा जे पुढ्यात आलं ते थोरलीचं ऑफिस. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावरची खोली, दवाखान्यापासून तीन मिनिटांवर. पाच फोटो. चौथ्या फोटोमागे थोरलीनंच कधीतरी लिहिलं होतं, 'डावीकडे कोरी भिंत. मध्ये खुर्ची, तोंड खिडकीकडे. उजवीकडे मोठी खिडकी, दुपारचं ऊन.' गस्तवाल्यानं ती ओळ उचलून नेली आणि नेमकी धाकटीच्या कानात घातली. धाकटीला ती खुर्चीच आवडली होती. दवाखान्यातून यायचं, उन्हात बसायचं आणि कुणाशी बोलायचं नाही.

थोरली त्या रात्री बराच वेळ कूस बदलत पडली होती. लोक म्हणतील तिला बहिणीची काळजी. काळजी होतीच, पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती तिनं स्वतःपाशीही धड कबूल केली नाही. धाकटी गेली तर संध्याकाळी दारात थांबून 'सांग' म्हणणार कोण? सगळा जन्म जे डोळे दोघींसाठी वापरले, ते एकटीसाठी वापरायचे तरी कशाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात तिनं चौथा फोटो उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा जे दिसत नव्हतं ते लिहिलं. 'मध्ये खुर्ची, तोंड खिडकीकडे. खुर्चीत एक बाई पाठमोरी बसली आहे.'

एवढंच. त्यानं कुणाचं काय बिघडणार होतं? डोळस गिऱ्हाइकाला ती ओळ दिसणार नव्हती. ती फक्त एकीसाठी होती.

संध्याकाळी धाकटीनं त्या खोलीचं पान उघडून फोन कानाला लावला आणि तिचा हात थांबला. "ताई, तिथे कुणीतरी राहतंय."

"असेल."

"मागच्या आठवड्यात नव्हतं."

"फोटो बदलला असेल," थोरली म्हणाली. एकाच्या मागे दुसरं खोटं किती सहज येतं, याचं तिला नवल वाटलं.

धाकटीनं फोन खाली ठेवला आणि हसून म्हणाली, "बसली आहे ना? मग उठेल की कधीतरी."

३

चार दिवसांत थोरलीचं मन तिला खायला लागलं. धाकटी नीट जेवत नव्हती. सोमवारी थोरलीनं ओळ पुसली, पहिली खरी ओळ पुन्हा लिहिली आणि वर स्वतःला दोन शिव्या घातल्या.

मंगळवारी धाकटीनं पुन्हा शोधलं. फोन म्हणाला, खुर्चीत एक बाई पाठमोरी बसली आहे.

थोरलीनं तारवाल्याला गाठलं. तो म्हणाला, बाई, तुम्ही आज पुसलंत म्हणून गस्तवाल्याला आजच कळतं असं नाही. तो परत फिरकेपर्यंत जुनंच धरून बसतो. येईल, नवीन वाचेल, जुनं सोडेल. थोरलीला पटलं. माणसंही काय वेगळं करतात?

पण बुधवारी तिनं गस्तवाल्याला मध्ये न घेता ऑफिसातलंच पान उघडलं, तर चौथ्या फोटोमागे बाई होतीच. आपण सोमवारी जतन करायचं बटण दाबायला विसरलो असू, असं तिनं मनाला समजावलं. बावन्नाव्या वर्षी माणूस विसरतो. तिनं पुन्हा पुसलं, बटण दाबलं, बटण दाबल्याचं स्वतःला मोठ्यानं सांगितलं. समोरच्या टेबलावरची टायपिस्ट मान वर करून बघायला लागली.

त्याच दुपारी एक नवरा-बायको खोली बघून आले. मालकीणबाईंच्या टेबलाशी बसून नवरा म्हणाला, खोली छान आहे, पण आतल्या बाई कधी सोडणार ते नक्की सांगा.

मालकीणबाईंनी विचारलं, कुठल्या बाई?

खिडकीशी बसल्यात त्या, बायको म्हणाली. आम्ही हाक मारली, पण त्यांनी मागे वळून बघितलं नाही. झोप लागली असेल म्हणून आम्ही आत गेलो नाही, दारातूनच परत फिरलो.

मालकीणबाईंनी किल्लीवाल्याला बोलावून त्याची सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली. खोल्या उघडून दाखवणं हे त्याचं काम, वीस वर्षं तो तेच करत होता. तो बिचारा शपथेवर सांगत होता की खोली रिकामी आहे, कुलूप त्यानं स्वतःच्या हातानं काढलं. "हे दोघं उंबऱ्यात थांबले, 'माफ करा हं' म्हणाले आणि मागे सरले," तो म्हणाला. "मला वाटलं मलाच म्हणतायत."

थोरली आपल्या टेबलाशी बसून हे ऐकत होती. तिनं समोर उघडा असलेला फोटो घाईनं बंद केला. तिचं डोकं मात्र अजून ठिकाणावर होतं आणि डोकं एकच प्रश्न विचारत होतं. मागची ओळ डोळसाला दिसत नाही. मग या दोघांनी ती वाचली कुठे?

४

गुरुवारी ती ऑफिसात लवकर आली. अजून कुणी नव्हतं, पंखेही लावलेले नव्हते. तिनं चौथा फोटो उघडला.

'डावीकडे कोरी भिंत. मध्ये रिकामी खुर्ची. उजवीकडे मोठी खिडकी, खिडकीशी एक बाई पाठमोरी उभी आहे.'

हे तिनं लिहिलं नव्हतं. पण हे तिचंच होतं. डावीकडून सुरू, उजवीकडे शेवट, ना एक शब्द जास्त ना एक कमी. तिच्याशिवाय असं लिहिणारं त्या ऑफिसात कुणी नव्हतं. पाठीमागे उभं राहून कुणी आपल्याच आवाजात बोलावं, तसं तिला वाटलं.

तारवाला आल्यावर तिनं त्याला हात धरून बसवलं. ओळ कुणी कधी बदलली याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. तारवाल्यानं नोंद काढली आणि डोकं खाजवलं. तिच्याच नावानं, तिच्याच टेबलावरून, काल सकाळी अकरा वीसला.

"काल अकरा वीसला मी इथंच बसले होते," थोरली म्हणाली.

"तेच तर," तारवाला म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. त्याला वाटलं, बाईंचं डोकं फिरायला लागलंय. तिलाही तेच वाटलं. खरं तर तसं असतं तर बरं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. डोक्यावर औषध असतं.

मग तारवाल्यानं दुसरी नोंद उघडली. गस्तवाला कुठल्या पानावर कधी येऊन गेला त्याची. एरवी तो एका खोलीकडे आठवड्यातून एकदा फिरकायचा. चौथ्या फोटोपाशी तो काल दिवसभर येत होता. तीन तीन मिनिटांनी, चार चार मिनिटांनी. शेजारचे फोटो त्यानं बघितलेही नव्हते. पानंच्या पानं भरली होती, एकाच फोटोच्या नावानं.

"एवढं काय वाचतोय मेला?" थोरलीनं विचारलं.

"काही बिघाड असेल त्यांच्याकडे," तारवाला म्हणाला. त्याचा आवाज मात्र बसला होता. "लिहिलेलं बदललं की तो परत येतो. आता ही ओळ तीन-तीन मिनिटांनी बदलत असेल तर..." तो खिशातली वायर बोटाला गुंडाळत बसला.

तो गेल्यावर थोरलीनं फोटो मोठा केला. फोटोत बाई नव्हती. भिंत, खुर्ची, खिडकी, ऊन. तिनं डोळ्यांत तेल घालून बघितलं. खुर्चीवर एक पातळ गादी होती. गादी मधोमध दबलेली होती, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. ती पहिल्यापासून तशी होती का? ज्या बाईनं पलंगाखालची वीट सोडली नव्हती, तिला हे आठवेना.

तिनं ओळ पुसली. खरी ओळ लिहिली. जतन केली. टायपिस्टला बोलावून दाखवली, "वाच, मोठ्यानं वाच." टायपिस्टनं वाचलं. खुर्ची, भिंत, खिडकी. बाई नाही.

"बरं वाटत नाहीये का, मावशी?" टायपिस्टनं विचारलं.

"मला काय धाड भरलीय," थोरली म्हणाली.

५

शुक्रवारी दुपारी बाराला पाच मिनिटं असताना किल्लीवाला चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी आला आणि सहज म्हणाला, तुमच्या बहिणीला नेऊन सोडलं हो घड्याळवाल्याच्या माडीवर.

थोरलीला आधी अर्थच लागला नाही.

मग कळलं. धाकटीनं अर्धी रजा टाकली होती. परस्पर फोन करून किल्लीवाल्याला बोलावलं होतं. ताईला सांगू नका म्हणाली, तिला चकित करायचंय. जिन्यापर्यंत तो बरोबर गेला, पण वर एकटीनं जाईन म्हणाली, कुलूपही स्वतः काढीन म्हणाली. त्यानं किल्ली हातात दिली आणि तो परत आला. "हुशार आहे तुमची बहीण. मला म्हणाली, ती बाई खुर्चीतून उठलीय, म्हणजे आता निघेल. मी म्हटलं, तुम्हालाही त्या बाईचं कुणी सांगितलं का? तर म्हणाली, फोन सांगतो."

थोरलीनं त्याचं पुढचं ऐकलं नाही. तिनं चौथा फोटो उघडला.

'डावीकडे कोरी भिंत. मध्ये रिकामी खुर्ची. उजवीकडे मोठी खिडकी, दुपारचं ऊन. दारात दोन बायका.'

दोन. एकीच्या हातात किल्ली असणार. आणि दुसरी?

बघता बघता ओळ तिच्यासमोर हलली. कुणी टाइप करत असल्यासारखी एकेक अक्षर नाही, तर आख्खी. पापणी मिटून उघडावी आणि समोरचं माणूस एक पाऊल पुढे आलेलं असावं, तशी.

'दारात दोन बायका, एक दुसरीच्या अगदी जवळ.'

थोरलीनं ओळ पुसली. या वेळी तिनं खरी ओळ लिहिली नाही. खरं लिहून तिनं तीनदा बघितलं होतं, त्याला कुणी भीक घालत नव्हतं. तिला एकच सुचलं. चित्र शोभेचं आहे, अशी खूण केली आणि ओळ रिकामी सोडली. आत काही नाही. बाई नाही, खुर्ची नाही, भिंत नाही. बटण दाबलं.

मग पायातली चप्पल सुटली तरी न थांबता ती रस्त्यावर धावली. टायपिस्ट मागून हाका मारत होती.

६

घड्याळवाल्याच्या दुकानात शिरायच्या आधीच बाराचे ठोके ऐकू आले. शंभर घड्याळं आणि एकाचंही दुसऱ्याशी जुळेना. एक बारा वाजवून थांबलं की दुसरं सुरू करायचं. त्या गोंधळातून ती अनवाणी पायानं दोन जिने चढली.

दार सताड उघडं होतं. धाकटी उंबऱ्यात उभी होती, काठी छातीशी धरून, मान किंचित तिरकी. ऐकताना ती अशीच उभी राहते.

"ताई," ती न वळता म्हणाली. "हळू ये."

"चल घरी."

"थांब. ती आत्ता इथे होती." धाकटीचा आवाज फोनवर बोलतात तसा सपाट होता. "मी कुलूप काढलं, दार ढकललं, तर दारातच होती. मी म्हटलं, माफ करा. तर बाजूला नाही झाली, जवळ आली. श्वास नव्हता ताई. एवढं जवळ माणूस आलं की श्वास लागतो, वास येतो, कपडा वाजतो. काही नव्हतं. नुसतं जवळ आलेलं कळत होतं." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "आणि मग एकदम, कुणी दिवा घालवावा तसं, कळेनासं झालं. खाली गेली नाही. पायऱ्या वाजल्या नाहीत. आत गेली नाही. कुठे आहे तेच कळेनासं झालं."

थोरलीनं तिचा दंड धरला.

"सांग," धाकटी म्हणाली.

थोरलीनं उंबऱ्यातूनच सांगितलं. डावीकडे कोरी भिंत. मध्ये खुर्ची, रिकामी, गादी दबलेली. उजवीकडे खिडकी, ऊन. बाकी कुणी नाही. सगळं खरं सांगितलं. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून दुसरंही खरं सांगितलं. ती बाई मी लिहिली. तू जाऊ नयेस म्हणून लिहिली.

धाकटी तिच्या शेजारी येऊन बसली. रागावेल, रडेल, काठी हाणेल, थोरलीनं सगळ्याची तयारी ठेवली होती.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," धाकटी म्हणाली. "तू माणूस सांगतेस तेव्हा आधी कपडे सांगतेस. निळा स्वेटर, चुरगळलेला. मग तोंड. या बाईला तू काहीच दिलं नव्हतंस. मला वाटलं, बघू किती दिवस थापा मारतेस. मी वाट बघत होते तू कबूल करायची." ती थांबली. "पण मग ती उठली, तेव्हा वाटलं, एवढं तर ताई करणार नाही."

खालचं शेवटचं घड्याळ बारा वाजवून थांबलं.

"काहीच दिलं नाहीस ना तिला," धाकटी पुन्हा म्हणाली, हळूच. "ना कपडे, ना तोंड. तिनं बघायचं तरी कुठून?"

खोली नको, असं धाकटीनं घरी जाताना वाटेतच सांगून टाकलं. थोरलीला हवं होतं ते मिळालं. आनंद मात्र झाला नाही.

७

पुढचे पंधरा दिवस निवांत गेले. गस्तवाला एकदा आला, चौथ्या फोटोपाशी न थांबता निघून गेला. तारवाल्यानं नोंद दाखवली, म्हणाला, बघा, रिकामं सोडलं की कटकट संपते. खोली एका शिंप्यानं घेतली. त्याला तिथे कुणी दिसलं नाही. मालकीणबाईंनी किल्लीवाल्याला नवीन छत्री दिली, माफी मागायची त्यांची ती पद्धत.

थोरलीला मात्र एक गोष्ट आत टोचत राहिली. जोवर ओळ होती तोवर निदान ठावठिकाणा तरी होता. आज खुर्चीत आहे, आज खिडकीशी, आज दारात. आता ओळ नाही. तारवाल्यानंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, रिकामं सोडलं म्हणून चित्र जात नाही. असतं तिथंच. कुणी सांगत नाही, इतकंच. आणि जी दारापर्यंत आली होती, तिच्या 'तिथंच'चा अर्थ काय धरायचा?

एका संध्याकाळी, अजून बाहेर उजेड होता, धाकटी दवाखान्यातून आली. काठी कोपऱ्यात ठेवली. गेले काही दिवस ती स्वतःच्या घरातसुद्धा दारात थांबायची. हे आधी कधी नव्हतं, या खोलीचा कोपरा न् कोपरा तिला पाठ होता.

"सांग," ती म्हणाली.

थोरली भाकऱ्या थापाव्यात तशी एकामागून एक सांगत गेली, हातातलं भांडं पुसता पुसता. "डावीकडे कपाट, त्यावर तुझं औषध. मग टेबल, पाव, लोण्याची बशी, झाकण उघडं. मग खिडकी, पडदा अर्धा. मग..."

तिची जीभ थांबली. खिडकीनंतर त्यांची जुनी खुर्ची होती. थोरलीनं भांडं हातातच धरून ठेवलं.

"मग दिवा," ती म्हणाली. "मग तुझा पलंग."

धाकटी उंबऱ्यातून हलली नाही. जिभेनं तिनं पुढचा खोटा दात चाचपला. लहानपणापासूनची सवय.

"ताई. खुर्ची गाळलीस."

थोरलीला वाटलं, खुर्ची रिकामी आहे म्हणावं आणि मोकळं व्हावं. आणखी एक खोटं, तेही बहिणीच्या भल्यासाठी. मग तिला ते स्टूल आठवलं. खोटं बोलून एकीला तिनं जगात आणलं होतं. गप्प बसून तिला घरभर मोकळं सोडलं होतं.

"खुर्चीत," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटला, "खुर्चीत एक बाई. पाठमोरी."

"कपडे?"

"नाहीत. म्हणजे उघडी नाही. कपडे असायचे तिथे काही नाहीये."

"बरं," धाकटी म्हणाली. तिनं भिंतीला हात लावला आणि खिडकीच्या बाजूनं न जाता, टेबलाला वळसा घालून, अंग चोरून पलंगाशी आली. परक्या घरात पाहुण्यांच्या पायांना पाय लागू नये म्हणून चालतात, तशी. बसल्यावर तिनं श्वास सोडला. "कुठे आहे ते कळलं की बरं असतं. आता रोज सांगायचं. एक दिवस चुकवायचं नाही."

"नाही चुकवणार."

"आणि आता?"

थोरलीनं भांडं खाली ठेवलं आणि मान वर केली. खुर्ची रिकामी होती. गादी मधोमध दबलेली.

तिनं ओरडायचं टाळलं. धाकटीकडे, तिच्या पलंगाकडे, पलंगामागच्या भिंतीकडे एकदम बघायचंही टाळलं. तिनं तोंड पार डावीकडे वळवलं आणि कपाटापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली, सावकाश, काही न गाळता.